हरणे ज्याला तोंड लावीत नाहीत

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी या भागांत किंवा घाट उतरून सत्तरीच्या बाजूला ज्यांचे घर रानाला लागून आहे, त्यांना हरणांचे कौतुक शहरातल्या माणसाइतके नसते. शहरातला मनुष्य चितळांचा कळप पाहून हरखून जातो. रानाकडेचा गृहस्थ मात्र पहाटे उठून आधी गुलाबाच्या कळ्या किती उरल्या ते पाहतो. जास्वंदीचे कोवळे शेंडे, चवळीचे वेल, रताळ्याचा पाला, गुलाबाची नवी फूट, यांपैकी पुष्कळसे रातोरात नाहीसे झालेले असते. चोर कोण, हे ओळखण्याची एक खूण आहे. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते पाला कापीत नाही, ओढून तोडते, आणि देठाचे टोक फाटून त्याचे तंतू बाहेर आलेले दिसतात. सशाने कुरतडलेली फांदी चाकूने तिरपी छाटल्यासारखी स्वच्छ असते. अर्थात गाई-शेळ्यांनाही वरचे पुढचे दात नसतात; तेव्हा हरणावर आळ घेण्यापूर्वी ओल्या मातीतील खुरांचे ठसे पाहावे, आणि शेजाऱ्याचे दावे सुटले होते काय, याचीही चौकशी करावी.

बंदुकीचा विचार मनात आणावयाचे कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर आणि भेकर या तिघांनाही संरक्षण आहे. उंच जाळीचे कुंपण हा खात्रीचा उपाय खरा, पण तो सर्वांच्या आवाक्यातला नाही. राहता राहिला तिसरा मार्ग. ज्या झाडांना हरणे सहसा तोंड लावीत नाहीत, ती कडेला लावावयाची आणि त्यांच्या आत आपली आवडती बाग करावयाची.

या झाडांत पहिला मान अडुळशाचा. तमिळ भाषेत 'आडु' म्हणजे शेळी आणि 'तोडा' म्हणजे न शिवणारी. शेळीदेखील ज्याला शिवत नाही ते हे झाड, असा त्याच्या तमिळ नावाचा अर्थ सांगतात. लिनीयसने १७५३ साली त्याचे शास्त्रीय नामकरण करताना 'अधातोडा' हा शब्द दक्षिणेकडील या नावावरूनच उचलला. जे मिळेल ते खाणारी शेळी ज्यापुढे हात टेकते, त्या पाल्याला हरणाने नाक मुरडावे यात नवल नाही. पान चुरगळले की उग्र वास येतो, चव अत्यंत कडू, आणि पाल्यात 'व्हॅसिसीन' नावाचे अल्कलॉइड असते. खोकल्याच्या काढ्यासाठी परसात एखादे झाड ठेवण्याची आपल्याकडे चाल आहेच. ते एकाऐवजी ओळीने लावावे, एवढेच. पुरुषभर उंचीची दाट भिंत होते, फुले पांढरी येतात, आणि छाटलेला पाला शेतात खत म्हणून गाडता येतो.

निर्गुडीही जवळजवळ तितकीच भरवशाची. ओढ्याकाठी ती आपोआप वाढते, फांदीपासून सहज लागते आणि निळसर जांभळ्या तुऱ्यांनी शोभिवंत दिसते. तिच्या पाल्याचा वास किडीलाही नको असतो, म्हणून तो धान्याच्या कणगीत घालीत. जमीन कोरडी आणि उन्हाची असेल तर रुई लावावी. तिला पाणी घालण्याची तसदी नाही आणि शनिवारी मारुतीच्या माळेला पाने घरची मिळतात. मात्र तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कण्हेरीच्या बाबतीत याहून मोठी सावधगिरी हवी. ती जनावर खात नाही याचे कारण ती जहाल विषारी आहे, आणि विष हरीण व मूल असा भेद करीत नाही. कळलावीचेही तेच. श्रावणात तिच्या ज्वाळांसारख्या फुलांवरून दृष्टी हलत नाही, पण तिच्या कंदात जीव घेण्याचे सामर्थ्य आहे. घरात लहान मुले असतील तर या दोन्हींचा मोह आवरावा. अडुळसा व निर्गुडी यांवर काम भागते. वाफ्यांच्या कडेला तुळस आणि हळद शोभतात, आणि त्यांच्या वासामुळे हरणे सहसा त्यांच्याकडे वळत नाहीत.

'सहसा' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. चैत्र-वैशाखात रानातले गवत वाळून गेले की भुकेले जनावर एरवी सोडलेला पालाही ओरबाडते. नव्याने लावलेले रोप तर ते एकदा चाखून पाहतेच, आणि त्या एका घासात रोप मुळासकट उपटून येते. म्हणून पहिले दोन पावसाळे रोपांभोवती काटेरी फांद्यांची कुंपाटी हवीच.

आता एक अशी गोष्ट, जिच्याकडे बागवानाचे लक्ष क्वचित जाते. हरीण खात नाही, गुरे खात नाहीत, पाणी लागत नाही, फुले रंगीबेरंगी, या कसोटीवर उतरणारे आणखी एक झुडूप आहे, ते म्हणजे घाणेरी किंवा टणटणी. ती इथली नव्हे. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेचे झाड म्हणून भारतात आणली गेली आणि कुंपणासाठी लावली गेली. कुंपण म्हणून तिने काम चोख केले. पण तिची काळी फळे पाखरांना आवडतात, आणि पाखरांनी तिचे बी रानोरान नेले. भारतातील वाघांच्या रानांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पसरली आहे, असा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघाला. ती जेथे माजते तेथे तिच्याखाली गवत उगवत नाही. ज्यांनी गवत खाऊन रानात राहावयाचे, त्या चितळांपुढे मग न खाण्याजोगे झुडूपच तेवढे उरते, आणि रानात चरावयास काही राहिले नाही म्हणजे ती शेताकडे व बागेकडे वळतात. हरणांना अडविण्यासाठी लावलेले कुंपण हरणांना दाराशी आणावयास असे हातभार लावते.

अडुळसा आणि निर्गुडी यांनी असा दगा दिलेला नाही. येथील किडे, येथील पाखरे, येथली माती त्यांना ओळखतात आणि आवरून धरतात. तेव्हा 'हरीण खात नाही' एवढाच गुण पाहून रोपवाटिकेतून झाड आणू नये. ते मूळचे कोठले, हेही विचारावे.

उलट, हरणांना जे आवडते तेही थोडे द्यावे. रानाकडच्या टोकाला, घरापासून दूर, एखादा आवळा असावा. खाली पडलेले आवळे चितळे व भेकरे आवडीने खातात आणि त्याच्या बिया रानात पसरवितात. तो घराजवळ लावणे मात्र पाहुण्यांना पाट मांडून बोलाविण्यासारखे होईल.

कुंपणात आज घाणेरी असेल तर नुसती तोडून भागत नाही. ती बुंध्यापासून पुन्हा जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पात जी पद्धत वापरली ती साधी आहे. झुडपाचे मुख्य मूळ जमिनीच्या किंचित खाली कुदळीने तोडावयाचे आणि सबंध झुडूप उलटे करून, मुळे आकाशाकडे करून, वाळत ठेवावयाचे. फळे धरण्यापूर्वी हे उरकले म्हणजे बी सांडत नाही. मृगाच्या पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की कुदळही सुखाने चालते. मोकळ्या झालेल्या त्याच जागी अडुळशाची वीतभर जून फांदी तिरपी खोवून द्यावी. पावसाळा सरण्यापूर्वी तिला पालवी फुटते.