बुडबुडे थांबले, म्हणजे वाईन झाली का?

रेवदंड्याहून बोलतोय. मागे खरखर ऐकू येतेय ती वाडीतल्या झावळ्यांची. वारा सुटलाय, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय एका व्हॉट्सअ‍ॅप कॉलवरून निघाला. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. नोव्हेंबरात त्याने वाईनचं किट आणलं. तिकडे स्वतःपुरती वाईन घरी करायला मुभा आहे. आपल्याकडे नाही हं! १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय केलीत तर गुन्हा. म्हणून हा भाग ऐकून उद्या बादली भरायला बसू नका. परदेशातल्या भावंडांना मात्र जरूर पाठवा.

किट म्हणजे द्राक्षाच्या रसाची मोठी पिशवी, यीस्टची पुडी आणि आणखी तीनचार पुड्या. पाणी घालून २३ लिटर करायचं, त्यात साधारण ३० बाटल्या भरतात. ३१ डिसेंबरला दादाकडे सात मराठी कुटुंबं जमणार होती, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

दहाव्या दिवशी फोन आला. "बुडबुडे बंद झाले रे. झाली वाटतं. बाटल्या भरू का?"

मी विचारलं, "मोजलंस का?"

"चव घेतली ना. मस्त गोड आहे."

गोड आहे म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. गोड म्हणजे साखर शिल्लक. आणि यीस्ट मेलेलं नसतं, नुसतं झोपलेलं असतं. अशी वाईन बाटलीत बंद केली आणि मार्चएप्रिलमध्ये घर उबदार झालं, की ते आत पुन्हा कामाला लागतं. गॅसला बाहेर जायला वाट नाही. बूच उडालं तर नशीब, नाहीतर काच फुटते. दादा बाटल्या ठेवणार होता जिन्याखाली, आणि त्याची चार वर्षांची मुलगी तिथेच खेळते.

तर पहिली गोष्ट, बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका. झाकण जरा सैल असलं तरी गॅस बाजूने निघून जातो आणि बुडबुडे दिसत नाहीत. हायड्रोमीटर बुडवा. डेअरीवर दुधात लॅक्टोमीटर सोडतात ना, त्याचाच भाऊ. बुडवल्यावर एक गिरकी द्या, कारण कडेला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा चुकतो. पाण्याचा आकडा १.०००. साखरेने तो वाढतो, अल्कोहोलने उतरतो. दादाचा सुरुवातीला १.०९० होता. कोरडी वाईन पूर्ण झाली की तो १.०००च्या खाली, ०.९९५च्या आसपास यायला हवा. त्याचा आला १.०२८. दोन दिवसांनी परत बघितला, तोच. म्हणजे वाईन झाली नव्हती, अडकली होती.

गंमत बघा, आमच्याकडे प्रश्न उलटा. माडी उतरवली की आंबायची थांबतच नाही. नीरा गोड ठेवायची तर मडक्याला आतून चुना लावतात आणि उन्हं चढायच्या आत ती खाली आणतात. चुन्याने आंबणाऱ्या जीवांना आत राहणं कठीण होतं. मग दादाच्या पिंपात त्यांना कशाने कठीण झालं?

मी आधी पुड्यांचं विचारलं. किटमध्ये पोटॅशियम सॉर्बेट असतं, ते अगदी शेवटी घालायचं. त्याने यीस्टची वाढ थांबते. कुणी चुकून पहिल्याच दिवशी घातलं तर पुढचे उपाय बहुतेक वायाच. नशिबाने त्याची ती पुडी फोडलेलीच नव्हती.

मग विचारलं, पिंप कुठे आहे? तळघरात, फरशीवर. तापमान? १४ अंश! अरे, थंडीत आंबोळीचं पीठ फुगत नाही म्हणून काकू डबा शालीत गुंडाळून ठेवते, हे लहानपणापासून बघितलंय की आपण.

पिंप वर आणून २२ अंशांवर ठेवायला सांगितलं. निर्जंतुक केलेल्या चमच्याने तळाचा गाळ हलकेच वर आणायचा, घुसळायचं नाही, हवा मिसळली तर वाईन बिघडते. साखर घालायची नाही, त्याचा हात तिकडेच जात होता. चार दिवसांनी आकडा १.०२६. म्हणजे जवळपास तिथेच.

मग नवं यीस्ट. पण कोरडी पुडी सरळ ओतायची नाही. आत आधीच आठ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, नवीन यीस्ट त्यात पडताच गारद होतं. पुडी अर्धा कप कोमट पाण्यात, साधारण ३८ अंश, पंधरावीस मिनिटं भिजवायची. मग त्यात तेवढीच अडकलेली वाईन घालायची आणि फेस येईपर्यंत थांबायचं. मग मिश्रण दुप्पट होईल इतकी वाईन, पुन्हा थांबायचं. असं करत लिटर-दोन लिटर जोमात आंबायला लागलं की पिंपात. मी दादाला म्हटलं, घाई केलीस तर थंड दुधात विरजण लावल्यासारखं होईल. त्याला हे एका फटक्यात कळलं, आधीचं माझं सगळं लेक्चर फुकट गेलं होतं.

या सगळ्यात एक अख्खा दिवस गेला, त्याने रजा टाकली. दुसऱ्या सकाळी १.०२२. मग रोज थोडं थोडं खाली.

३१ डिसेंबरला दुकानातलीच वाईन आणली त्यांनी. परवा मेसेज आला, ०.९९६, तीन दिवस हलला नाही. बाटल्या अजून धुवायच्यात म्हणे.