वर्गणी, खर्च आणि शिल्लक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांचे घर धंद्यावर चालते. कोणी यंत्रमाग चालवतो, कोणी शिंपीकाम करतो, कोणी फळांचा व्यापार. अशा व्यावसायिकांच्या संघटना उत्साहाने उभ्या राहतात आणि दहा वर्षांत कुलूपबंद होतात. याचे कारण भांडण असते असे आपण समजतो. पुष्कळदा ते जमाखर्चात असते.

समजा, भिवंडीत शंभर मागवाल्यांनी संघटना काढली. वर्गणी वर्षाला 100 रुपये, म्हणजे जमा 10,000. जागेचे भाडे, कारकुनाचा पगार, टपाल मिळून खर्च 8,000. पहिल्या वर्षी 2,000 शिल्लक! परंतु महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढली आणि वर्गणी तीच राहिली, तर पाचव्या वर्षी खर्च जमेच्या पुढे जातो. पहिल्या चार वर्षांत साठलेले सुमारे 5,000 रुपये नवव्या वर्षी संपतात. यात कोणी एक पैसाही खाल्लेला नसतो. तरी सभासद खजिनदाराकडेच संशयाने पाहतात.

यावर उपाय साधे आहेत. वर्गणी दर दोन-तीन वर्षांनी सर्वसाधारण सभेत वाढवावी. थोडी वाढ कोणाला जड जात नाही. स्मरणिकेच्या जाहिराती किंवा देणगी ही एकदाची आवक. तिच्यावर कायमचा पगार बांधू नये, ती राखीव निधीत टाकावी. किमान सहा महिन्यांचा खर्च बँकेत असावा. धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्यात, प्रत्येक रुपयाची पावती फाडावी आणि तपासलेला ताळेबंद सभासदांच्या हाती द्यावा.

'ना नफा' याचा अर्थ शिल्लक टाकायची नाही, असा नव्हे. पूर्वी 1956 च्या कंपनी कायद्याच्या कलम 25 खाली आणि 2013 च्या कायद्यानंतर कलम 8 खाली अशा संस्था नोंदवता येतात. तेथे शिल्लक सभासदांत वाटण्यास मनाई आहे, ती संस्थेच्या कार्यासाठी राखण्यास नाही.

पालकहो, मुलांना किर्द-खतावणी शिकू द्या. विद्यार्थ्यांनो, उद्या वडिलांच्या संघटनेच्या सभेत जाल तेव्हा भाषणाआधी ताळेबंद मागा. प्रश्न विचारणे म्हणजे वडीलधाऱ्यांचा अवमान नव्हे. चोख हिशेबाने प्रामाणिक माणसाची अब्रू राखली जाते.