गोधडी, ओवी आणि मुलांचे मन
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. विषयही त्यांनीच दिला : 'कलेतून मुलांच्या मनाची जोपासना.' माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा मोठाल्या ग्रंथांतले मला सांगता यायचे नाही. पण मन जोपासण्याचे काम आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या हातातल्या कामातूनच करीत आलो. त्याला कोणी कला म्हटले नाही, एवढेच. म्हणून मी घरातलेच बोलते.

जात्याचे पाहा. दिवसा जे कोणाजवळ बोलता येत नसे ते सासुरवाशीण पहाटे ओवीत बोले. माहेरची ओढ, भावाची वाट, सासूचा जाच, गेलेले मूल, सारे. समोर खुंटा धरून बसलेली जाऊ ते ऐके आणि पुढली ओवी ती उचली. कोणी कोणाला उपदेश करीत नसे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडीच्या सोबत्यांना घेऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बहिणाबाई चौधरींना तर लिहितावाचताही येत नव्हते. तिशीत वैधव्य आले, पण शेत, चूल आणि जाते सांभाळता सांभाळता त्या गाणी रचीत राहिल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली मुलाने, कवी सोपानदेवांनी, ती गाणी छापून आणली.

आता पीठ चक्कीतून येते. जात्याकडे परत जायची मला मुळीच हौस नाही, खांदे भरून येतात! पण बोलायची ती जागा गेली, आणि तिच्याऐवजी आपण मुलांना काय दिले हे पाहायला हवे.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी २०१९ साली आमच्याकडे राहायला आली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिची आई, म्हणजे माझी जाऊ, नुकतीच गेली होती. (आता मुलगी मोठी झाली आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे.) पोर रडली नाही. शाळेत जाई, जेवायला वाढले की जेवी, 'काकू, मी केर काढू का?' म्हणे. येणारी-जाणारी माणसे म्हणत, किती समजूतदार आहे! मला त्या समजूतदारपणाचीच भीती वाटे. नऊ वर्षांच्या पोरीला इतके शहाणपण शोभत नाही.

वैशाखात मी गोधडी शिवायला घेतली. जावेची दोन लुगडी ट्रंकेत होती. सासूबाई म्हणाल्या, 'गेलेल्या माणसाचे कापड कापू नये, देऊन टाक.' मी पोरीला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'कापूया. पण तुकडे मी लावणार.'

मग रोज दुपारी ती माझ्याजवळ बसू लागली. तुकडे मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. मी सुईत दोरा ओवून द्यायची आणि आपला धावदोरा घालत राहायची. चार दिवसांनी ती खाली बघतच बोलली, 'हे नेसून आई माझ्या शाळेत आली होती.' मी 'हं' म्हटले. दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट निघाली. एके दुपारी मात्र तिने कात्री घेतली आणि एका चांगल्या तुकड्याच्या चिंध्या चिंध्या केल्या. 'मला न सांगता गेली,' म्हणाली, आणि मग जी रडली ती दिवेलागणीपर्यंत. मी चिंध्या गोळा करून डब्यात ठेवल्या. टाकल्या नाहीत आणि तिला रागावलेही नाही.

पदराचा तुकडा सर्वांत सुरेख होता. तो मी वर मधोमध लावायला निघाले, तर तिने अडवले. तिने तो आतल्या बाजूला लावायला सांगितला. मी म्हटले, 'अगं, तिथे दिसायचा नाही.' ती म्हणाली, 'पण अंगाला तोच लागतो ना.'

भगिनींनो, हे काही औषध नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. पण तोंडाला न येणारी गोष्ट कधी कधी हाताला येते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम उभे केले, पुढे १९५७ साली अनुताई वाघांसह ते कोसबाडला नेले. तिथल्या आदिवासी मुलांपुढे त्यांनी महागडी खेळणी मांडली नाहीत. माती, पाने, बिया, शिंपले, जे भोवती होते त्यातच मुलांचे हात रमवले.

आणि आपण काय करतो? दरवर्षी चित्रकला स्पर्धा घेतो. आया शेजारी बसून 'झाड हिरवे कर, घराला कौले काढ' असे सांगतात. काही तर स्वतःच रंगवून देतात, मला नावे घ्यायला लावू नका! बक्षीस मिळालेले मूल नाचत घरी जाते, बाकीची वीस-पंचवीस हिरमुसतात. एखाद्याने सबंध कागद काळा केला तर त्याला विचारायला कोणाला वेळ नसतो.

म्हणून माझी सूचना अशी की यंदा स्पर्धेच्या खर्चात मुलांसाठी दर शनिवारी एक तास चालवावा. माती, जुने कापड, रद्दी कागद आणि खडू एवढे पुरे. नंबर नाही, बक्षीस नाही, भिंतीवर लावणेही नाही. जी बाई तिथे बसेल तिने 'हे काय काढलेस? सूर्य असा असतो का?' असे विचारू नये. 'मला याची गोष्ट सांगतोस?' म्हणावे, आणि नाही सांगितली तर गप्प राहावे. हे गप्प राहणेच आपल्याला जड जाणार आहे, हे मला ठाऊक आहे. वर्गणी वाढवायची गरज नाही, मी हिशेब चिटणीसबाईंकडे दिला आहे.

शनिवारी चार ते पाच आपला हॉल रिकामा असतो. पहिले चार शनिवार मी बसते. मातीचे घमेले कुंभारवाड्यातून आणवते. सतरंजी खराब होईल असे कोणाच्या मनात असेल, तर आमच्याकडे ताडपत्री आहे.