अंतर गावांचं, अंतर देशांचं

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकिओ. विमानानं जायचं तर या दोन शहरांमध्ये अंतर किती?

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ कझाकस्तान, मंगोलिया, चीन अशी जाईल. पण पृथ्वी काही कागदासारखी सपाट नाही. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल, तर त्यावर या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून पाहा. दोरा आधी उत्तरेकडे चढतो, रशियाच्या अगदी वरच्या भागावरून जातो आणि मग जपानकडे उतरतो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हाच. हे अंतर भरतं सुमारे ७,८०० किलोमीटर.

पण विमान दोऱ्यावरून उडत नाही, देशांच्या परवानगीवर उडतं. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचं आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतेक बंदच होतं. म्हणून १९५७ साली कोपनहेगनहून टोकिओला जाणारं विमान उत्तर ध्रुवाकडून अलास्कातल्या अँकरेजला उतरायचं, इंधन घ्यायचं आणि पुढे निघायचं. १९८३ मध्ये फिनएअरनं जादा इंधनटाक्या बसवलेलं डीसी-१० विमान ध्रुवावरून कुठेही न थांबता टोकिओला नेलं. वेळ लागायचा सुमारे तेरा तास. पुढे सोव्हिएत आकाश खुलं होत गेलं आणि हाच प्रवास नऊ-साडेनऊ तासांवर आला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. युरोपनं रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियानं युरोपच्या विमानांना. मार्च २०२२ मध्ये फिनएअरचं विमान पुन्हा ध्रुवावरून टोकिओला जाऊ लागलं. अंतर झालं सुमारे १२,९०० किलोमीटर आणि वेळ पुन्हा तेरा तास! प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळालं. कौतुकाची गोष्ट खरी. पण वाढलेले चार तास आणि जास्तीचं इंधन यांचा भार कुणावर तरी पडतोच.

आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. २०१९ मध्ये काही महिने पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झालं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेल्या भारतीय विमानांना अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला. मुलाकडे, लेकीकडे निघालेल्या आईवडिलांचा प्रवास तेवढा लांबला.

आपल्या भाषेत ‘अंतर’ हा शब्द गावांसाठी वापरतात, तसा माणसांसाठीही. दोन माणसांत अंतर पडलं, असं आपण म्हणतो. देशांचंही तसंच आहे. पृथ्वीगोलावरचा दोरा १९५७ साली होता तेवढाच आजही आहे. शहरं जागची हललेली नाहीत. लांबतो आणि आखडतो तो माणसांनी ठरवलेला रस्ता.