धावणारा शब्द



आज मी एका अगदी लहान इंग्रजी शब्दाविषयी बोलणार आहे. तीन अक्षरांचा शब्द: 'रन'. शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारा, ते ताडकन सांगेल, रन म्हणजे धावणे. बरोबर आहे. पण पुढे वाक्य येतं, 'हिज नोज इज रनिंग', आणि पोर लिहितं, 'त्याचे नाक धावत आहे.' सारा वर्ग हसतो. वास्तविक त्या पोराचा दोष नाही. आपण त्याच्या शिदोरीत जेवढं बांधून दिलं, तेवढंच त्यानं सोडलं.

हा शब्द कुठं कुठं जातो पाहा. नळ 'रन' होतो, म्हणजे पाणी वाहत असतं. कापडाचा रंग 'रन' होतो, म्हणजे धुताना सुटतो. इंजिन 'रन' होतं, म्हणजे चालू असतं. माणूस दुकान 'रन' करतो, म्हणजे चालवतो. आणि गंमत अशी, की अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत 'रन' करतो. आपल्याकडे तोच उमेदवार उभा राहतो!

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १९२८ साली पुरा झाला. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये त्याचं संपादन हाती घेतलं होतं. ते १९१५ साली वारले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढं 'रन'नं त्याला मागं टाकलं. २०११ साली प्रसिद्ध झालेला आकडा सांगतो, की 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ कोशकारांनी वेगळे केले आहेत. एवढे अर्थ आले कुठून? शब्द जुना, रोजच्या वापरातला. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, कारखाने आले. दर वेळी लोकांनी नवा शब्द न घडवता हाच जुना शब्द कामाला जुंपला.

हे ऐकून भिण्याचं कारण नाही. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, झाडाला आंबे लागतात, वाटेत गाव लागतं, कुणी आपला मामा लागतो, आणि मूल चालू लागतं. हे अर्थ आपल्याला कुणी पाठ करायला लावले होते काय? नाही. वाक्यं कानावर पडत गेली आणि अर्थ आपोआप उमगले.

मरे यांच्या कोशाची रीतही हीच होती. शेकडो वाचकांनी पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली; त्या चिठ्ठ्या लावून अर्थ ठरवले गेले. आधी वाक्य, मग अर्थ.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. फळ्यावर 'रन म्हणजे धावणे' एवढंच लिहून थांबू नका. खाली तीन वाक्यं लिहा, आणि मुलांना विचारा: इथं 'रन' कोण होतंय? माणूस, पाणी, की यंत्र? कर्ता कळला, की बहुतेक वेळा अर्थ हाती येतो. पुढं काही जोडलेलं आहे का, तेही पाहायला सांगा. 'रन आउट' म्हणजे घरातलं तेल संपणंही असतं, केवळ क्रिकेटमध्ये बाद होणं नव्हे.

खेड्यातल्या मुलाला इंग्रजी अवघड जातं, ते पुष्कळदा मोठमोठ्या शब्दांमुळं नव्हे. मोठा शब्द कोशात सापडतो, त्याचा अर्थ एकच असतो. मूल अडतं ते या लहान शब्दांपाशी, कारण ते आपल्याला येतात असं त्याला वाटत असतं. शब्द एकटा भेटला, तर त्याची नुसती तोंडओळख होते. वाक्यात भेटला, म्हणजे खरी ओळख पटते.