किरणोपचाराचे नियोजन आणि संगणकाची परीक्षा
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



किरणोपचाराची खरी सुरुवात संगणकाच्या पडद्यावर होते. सीटी स्कॅनच्या प्रत्येक छेदावर डॉक्टर गाठीची व लगतच्या नाजूक अवयवांची सीमा आखतात. त्यानंतर भौतिकतज्ज्ञ किरणांची दिशा व मात्रेची मांडणी ठरवितात. तोंड व घशाच्या कर्करोगात या कामाला कित्येक तास लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली हीच आखणी काही मिनिटांत करून देतात. बोरिवली-मुलुंडहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत धावणाऱ्या आपल्या रुग्णांना उपचार घराजवळ आणि लवकर मिळावेत, या दृष्टीने या प्रणालींचे आम्ही स्वागतच करतो.

मात्र खरेदीपूर्वी त्यांची परीक्षा व्हावी, असे आमचे मत आहे. परदेशी रुग्णांच्या चित्रांवर शिकलेली प्रणाली, शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग काढलेल्या आपल्या रुग्णाचे अवयव अचूक ओळखेलच असे नाही. म्हणून आपल्याच पूर्वीच्या रुग्णांची, नावे वगळलेली चित्रे तिला द्यावीत. दोन आखण्यांची जुळणी ‘डाइस गुणांका’ने ० ते १ या श्रेणीत मोजतात. परंतु गुण उत्तम असूनही मज्जारज्जूजवळ चार-पाच मिलिमीटरांची चूक दडून राहू शकते. मज्जारज्जूवरील मात्रा नेहमीच्या उपचारात साधारणतः ४५ ते ५० ग्रेच्या आत ठेवावी लागते. यास्तव प्रत्यक्ष मात्रेवर होणारा परिणामही तपासला पाहिजे. दोन अनुभवी डॉक्टरांच्या आखण्यांतही फरक पडतो. तो फरक हाच आपला मापदंड असावा. दुरुस्तीला लागणारा वेळही हिशेबात धरावा.

आणखी एक कसोटी माणसाची आहे. तयार आखणी समोर आली की थकलेली नजर ती सहज मान्य करते. काही आखण्यांत मुद्दाम चुका ठेवून त्या पकडल्या जातात का, हे पाहावे.

‘आर्चरी’ या अभ्यासात भारत, जॉर्डन, मलेशिया व दक्षिण आफ्रिका येथे गर्भाशयमुख, डोके-मान व पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगांसाठी अशा नियोजनाची पारख हाती घेण्यात आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही मानवी देखरेखीचा आग्रह धरला आहे. आखणी कोणीही करो, योजनेखालची स्वाक्षरी व जबाबदारी डॉक्टरांचीच.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे की, प्रणालीसोबत ती तपासणाऱ्या भौतिकतज्ज्ञाच्या वेतनाचीही तरतूद व्हावी. कोनशिलेवर वेतनाची नोंद होत नाही. पण रुग्णाची सुरक्षितता त्यावरच उभी असते.