मुलासाठीं एक साधें धनुष्य



मूल सात-आठ वर्षांचें झालें आणि राम-अर्जुनांच्या गोष्टी त्याच्या कानांवर पडल्या, कीं एके दिवशीं तें धनुष्य मागतें. या मागणीला घरांत बहुधा दोन उत्तरें मिळतात. एक म्हणजे बाजारांतून प्लॅस्टिकचें खेळणें आणून देणें. दुसरें, “डोळा फुटेल” म्हणून साफ नकार देणें. पहिल्या उत्तरानें खेळणें चार दिवसांत मोडतें. दुसऱ्यानें मूल केरसुणीच्या काड्या घेऊन गुपचूप स्वतःच बाण करतें. ही भीति पोकळ नाहीं. दूरदर्शनवर १९८७ सालीं ‘रामायण’ आणि १९८८ सालीं ‘महाभारत’ या मालिका सुरू झाल्या, तेव्हां घरोघरीं असे काड्यांचे बाण सुटूं लागले, आणि डोळ्याला बाण लागलेलीं मुलें नेत्रवैद्यांकडे येऊं लागलीं. म्हणून आज मी तिसरें उत्तर सुचवणार आहें. धनुष्य द्यावें, पण तें मुलाला शेजारीं बसवून, त्याच्या हातांनीं करवून द्यावें. आणि त्याबरोबर त्याचे नियमही द्यावेत.

प्रथम लाकडाचा विचार करूं. आपल्याकडे धनुष्याचें खरें झाड म्हणजे धामण. लवचिकपणामुळें त्याच्या काठ्या अवजारांच्या दांड्यांना आणि धनुष्यांना वापरीत आले आहेत. संस्कृतांत त्याला ‘धन्वन’ असें नांव आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशीं धनुष्याचीं चार द्रव्यें सांगितलीं आहेत. शहरांत धामण सहसा मिळत नाहीं. परंतु बांबू कोठेंही मिळतो, आणि आपले भिल्ल बांधव आजही बांबूचेंच धनुष्य करतात. त्यांच्या धनुष्याची दोरीसुद्धां बांबूच्या सालीची असते. तेव्हां आपणही बांबूच घेऊं. मात्र तो जाड सालीचा व सावलींत चांगला वाळलेला असावा. ओला बांबू वांकतो, पण वांकडाच राहतो.

मुलाच्या उंचीइतकी, म्हणजे सुमारें १२० सेंटिमीटर लांबीची, ३ सेंटिमीटर रुंदीची आणि १ सेंटिमीटर जाडीची कामटी फाडून घ्यावी. मधला हातभर भाग रुंद ठेवून दोन्ही टोकांकडे ती दीड सेंटिमीटरपर्यंत निमुळती करावी. बांबूची हिरवी-पिवळी गुळगुळीत पाठ नेहमीं नेमबाजाच्या विरुद्ध बाजूला ठेवावी आणि तिला चाकू मुळींच लावूं नये. धनुष्य वांकतें तेव्हां त्याची बाहेरची बाजू ताणली जाते व आंतली दाबली जाते. बांबूचे सर्वांत बळकट तंतु पाठीलगत असतात, आणि ताण सोसण्याचें काम त्यांचें. तासावयाचें तें आंतल्या बाजूनें. पेरें थोडीं जाड राहूं द्यावीं.

आतां मुख्य काम. टोकांजवळ दोन्ही बाजूंनीं तिरप्या खांचा पाडाव्या आणि फाटूं नये म्हणून खांचेखालीं सुताचे आठ-दहा वेढे आवळून बांधावे. एक सैल दोरी लावून धनुष्याची मूठ भिंतीवरील भक्कम खुंटीवर ठेवावी. आपण दोरी हळूहळू खालीं ओढावी आणि मुलाला चार पावलें दूर उभें करून विचारावें : कोणती बाजू कमी वांकते? कोठें कोपरा पडतो? ज्या जागीं लाकूड ताठ राहिलें असेल तेथें त्यानें पेन्सिलीनें खूण करावी. त्या खुणेवर चाकूची धार आडवी धरून आपण थोडें खरवडावें, मग वीस-तीस वेळां दोरी ओढून पुन्हां पाहावें.

यांतला नियम एवढाच कीं, ताठ जागाच खरवडावी. जेथें लाकूड जास्त वांकतें तेथें हात लावूं नये. दुबळी जागा दुरुस्त करण्याचा उपाय म्हणजे तिच्या आजूबाजूचा ताठपणा कमी करणें. हात मात्र हलका हवा. कामटीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असतो; जाडी एक दशांशानें कमी केली, तर ताठपणा चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. चाकूचा एक जादा हात सबंध दिवसाचें काम घालवूं शकतो. गणिताच्या पुस्तकांतला घन मुलाला येथें बोटांनीं कळतो.

दोन्ही बाहू सारखे वांकूं लागले, म्हणजे न ताणणारी पक्की दोरी घ्यावी, तिला मेण चोळावें आणि ती इतकी आंखूड बांधावी कीं मूठ व दोरी यांमध्यें अंगठा उभा केलेली आपली मूठ मावेल. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ४० सेंटिमीटर ओढतांना ५ ते ७ किलो जोर पुरतो. तो काट्यानें मोजून पाहावा. मधें चिंधी गुंडाळली कीं धनुष्य झालें.

बाणाबद्दल मी कडक आहें. गुळगुळीत सरळ काठी घ्यावी, आणि तिच्या पुढच्या टोकाला कापूस व कापडाचा मऊ गोळा पक्का बांधावा. तो ५ सेंटिमीटरहून रुंद असावा, म्हणजे डोळ्याच्या खोबणींत शिरणार नाहीं. तडा गेलेली काठी त्याच क्षणीं मोडून टाकावी. नेम गवतानें भरलेल्या पोत्यावर धरावा. आकाशाकडे, माणसाकडे किंवा पशुपक्ष्यांकडे कधींही नाहीं. बाण सोडणाऱ्याच्या पुढें कोणीही उभें राहूं नये, आणि बाण आणावयाला सर्वांनीं एकदम जावें. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. बाण न लावतां ओढलेली दोरी सोडूं नये. बाणाला मिळावयाचा जोर मग लाकडांतच राहतो आणि धनुष्य फुटतें. खेळ संपला कीं दोरी उतरवावी व धनुष्य मोठ्यांच्या हातीं द्यावें. घरांतलें जाणतें माणूस जवळ नसेल, तर तें खुंटीवरून खालीं येऊं नये.

इतके नियम मूल पाळील काय, असें आपण विचाराल. वर्गांत अनेक वर्षें काढल्यावर माझा अनुभव असा आहे, कीं नुसत्या सांगितलेल्या नियमापेक्षां ज्याचें कारण मुलानें डोळ्यांनीं पाहिलें तो नियम तें अधिक पाळतें. ज्यानें लाकूड ताणतांना पाहिलें आहे, दोरींतला जोर काट्यावर वाचला आहे, त्याला बाण माणसाकडे कां वळवूं नये हें निराळें समजवावें लागत नाहीं. विकतच्या खेळण्यानें तें समजत नाहीं, नकारानें तर नाहींच.

दोन रविवारांच्या सकाळी या कामाला पुरतात. त्या आपण आपल्या मुलांना द्याव्या, इतकी विनंति करून मी आपला निरोप घेतों.